शुगरच्या गोळीनं सिकलसेल बरा होते म्हणते, एआयनं शोधलं म्हणते. खरं आहे का?

पऱ्ह्याचा_धनी (कुरखेडा, जि. गडचिरोली)

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे पण पूर्ण वाचजा. माझी भाची एसएस पॅटर्नची आहे, म्हणजे सिकलसेलची जीन तिले आई-बाप दोघाइकडून आली, सातवीत आहे. पाणी लागलं का तिचे हातपाय दुखणं सुरू होते. मागच्या रोवणीत तर पोरगी रातभर गुडघे पोटाशी धरून रडून रायली होती, घरचे सारे दिवसभर चिखलात राबून आलेले, कोणाले काई सुचेना. सिकलसेलवरची हायड्रॉक्सीयुरियाची कॅप्सूल सरकारी दवाखान्यातून फुकट भेटते, पण ताई कधी देते कधी नाई देत, कारण कोणीतरी तिच्या डोक्यात भरवलं का ते कॅन्सरचं औषध आहे. मी पाकिटावरचा कागद वाचला तर त्याच्यात खरंच कॅन्सर लिहून आहे.

आता परवा गावच्या व्हॉट्सअप ग्रुपवर मेसेज आला का अमेरिकेत एआयनं लोकाइचा डीएनए तपासून शोधून काढलं, शुगरची मेटफॉर्मिन गोळी सिकलसेलवर चालते. आमच्या आजीले शुगर आहे, तर भाऊजीनं तिच्या पाकिटातली गोळी काढून पण ठेवली, अर्धी देऊन पाहू म्हणते, अर्धं गाव ती गोळी खाते, कोणाले काय झालं. मी म्हटलं दोन दिवस थांबा, विचारून सांगतो.

माझं बीएस्सी झालेलं आहे, जीन म्हणजे काय तेवढं समजते, पण कॉम्प्युटर जुन्या औषधाचं नवीन काम कसं काय शोधते हे डोक्यात बसून नाई रायलं. मेसेज फेक आहे का? आणि खरा असला तर डॉक्टर लोकं लिहून काऊन नाई देत?

मेडिकल_लाइनवाला (ब्रह्मपुरी)

भाऊ सगळ्यात पहिले ते गोळी आजीच्या पाकिटात वापस ठेव. मी पंधरा-वीस वर्षं काउंटरवर उभा आहे, शुगरची गोळी म्हणजे चॉकलेट समजणारे लय पाहिले. मेटफॉर्मिन चांगलं औषध आहे, वादच नाही, पण ते किडनीतून बाहेर पडते आणि सिकलवाल्या पेशंटची किडनी कमी वयातच मार खात असते. किडनी मंद झालेल्या माणसाला ते द्यायचं नसते, रक्तात लॅक्टिक ॲसिड साचायचा धोका राहते. बारा-तेरा वर्षांच्या पोरीची क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) न पाहता अर्धी काय न पाव काय.

आता कॅन्सरच्या औषधाचं. तुझ्या ताईले सांग का तू ज्या गोष्टीबद्दल विचारून रायला, जुन्या औषधाचं नवं काम, त्याचा सगळ्यात मोठा नमुना तर तिच्याच घरी पडून आहे. हायड्रॉक्सीयुरिया पहिल्यांदा बनलं 1869 मध्ये जर्मनीत, तेव्हा त्याचं काय करायचं कोणालेच माहीत नव्हतं. 1967 मध्ये अमेरिकेत ते कॅन्सरसाठी मंजूर झालं. सिकलसेलमध्ये त्याची पहिली तपासणी 1984 च्या आसपास, मग 299 मोठ्या पेशंटवर ट्रायल झाली, 1995 मध्ये रिझल्ट आला, दुखण्याचे झटके जवळपास निम्म्यावर आले, फरक इतका होता का ट्रायल वेळेच्या आधीच थांबवली. 1998 मध्ये तिकडं मंजुरी. मग आपल्या नागपुरात लहान लेकरांवर कमी डोसचा अभ्यास झाला, किलोमागे 10 मिलिग्रॅम रोज, 2012 मध्ये छापून आला, त्यातही लेकराइचा त्रास बराच कमी झाला. तर कागदावर कॅन्सर लिहून आहे ते खरंच आहे, पण डोस वेगळा, काम वेगळं.

आणि ताईचं हे कधी देते कधी नाई देत, हेच खरं नुकसान आहे. हे औषध क्रोसिनसारखं दुखलं का दिलं असं नाही. रोज दिलं तर तीन ते सहा महिन्यांनी फरक दिसते. मधात सोडलं का पुन्हा पहिल्यापासून. एक अजून, कॅप्सूल 500 मिलिग्रॅमची येते, लहान लेकराले तेवढी लागत नाही म्हणून काही घरी उघडून पावडर वाटून देतात. उघड्या हातानं ते करू नका, विशेष करून घरात कोणी गरोदर असेल तर. डोस कसा बसवायचा ते डॉक्टरले विचारा, एक दिवसाआड वगैरे ते बरोबर बसवून देतात.

जीनवेडा (मूळचा वडसा, सध्या पुणे)

मी बायोइन्फॉर्मेटिक्समध्ये आहे आणि घरात दोघं एएस आहेत, म्हणजे सिकलची जीन एकाच बाजूनं आलेले, त्यामुळे हा विषय दोन्हीकडून जवळचा.

मेसेज पूर्ण फेक नाही, पण तिखटमीठ लावलेला आहे. मूळ गोष्ट 2018 ची, आणि त्यात एआय वगैरे काही नव्हतं. ह्यूस्टनच्या एका टीमनं 171 सिकलसेल पेशंटचे एक्झोम वाचले, एक्झोम म्हणजे डीएनएतला प्रोटीन बनवणारा भाग. सगळेच एसएस, म्हणजे मूळ बिघाड सगळ्यांचा एकच, अकराव्या क्रोमोझोमवर हिमोग्लोबिनच्या जीनमध्ये एक अक्षर बदललेलं. तरी कोणी महिन्याला ॲडमिट होतो आणि कोणी तिशीपर्यंत शेती करतो. हा फरक ज्या गोष्टींनी पडतो त्यात मोठी म्हणजे एचबीएफ, पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन. जन्मानंतर ते हळूहळू बंद होतं, पण काहींच्यात थोडं सुरू राहतं. सिकलचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकाला चिकटून लांब काड्या बनवतं, त्याच काड्यांनी पेशी वाकडी होते. एचबीएफ मध्ये आलं की काडी वाढत नाही. 1948 मध्येच ब्रुकलिनच्या एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी बघितलं होतं की सिकलसेलची लेकरं पहिले काही महिने ठीक असतात, आणि त्यांनी संशय घेतला होता की बाळाचं हिमोग्लोबिन त्यांना वाचवत असेल. म्हणजे धागा जुना आहे.

तर ह्यूस्टनवाल्यांनी काय केलं, 171 जणांचा डीएनए एका बाजूला आणि प्रत्येकाचं एचबीएफ किती ते दुसऱ्या बाजूला, आणि शोधलं की कोणत्या जीनमधला बदल कमी एचबीएफसोबत जातो. फॉक्सओ3 नावाची जीन वर आली. तिच्यात बिघाड असलेल्यांचं एचबीएफ कमी. मग उलटा विचार, ही जीन जोरात चालवली तर एचबीएफ वाढेल का, आणि तिला चालवणारं एखादं औषध आधीच दुकानात आहे का? आहे, मेटफॉर्मिन. पेशंटच्या रक्तातल्या पेशी लॅबमध्ये वाढवून त्यावर ते टाकलं तर एचबीएफ वाढलं, हायड्रॉक्सीयुरियासोबत टाकलं तर आणखी. बस. पेपर इथपर्यंत. प्लेटमधल्या पेशीला किडनी नसते, तिला ताप येत नाही, तिची सातवीची परीक्षा नसते. सिकलसेलसाठी मेटफॉर्मिनला मान्यता मिळालेली नाही, म्हणून डॉक्टर लिहून देत नाहीत. त्यांचं बरोबर आहे.

आता कॉम्प्युटर कसं शोधतो. मुळात आयडिया अशी की निसर्गानं आधीच लाखो लोकांवर प्रयोग करून ठेवलेत. कोणाच्यात एखादी जीन जन्मतः अर्धी बंद असते, कोणाच्यात जास्त चालते. अशा माणसाला एखादा आजार कमी होतो का, हे हजारो लोकांच्या डेटात बघायचं. सिकलमध्ये याचं अगदी डोळ्यासमोरचं उदाहरण आहे: काही लोकांना सिकलच्या जीनसोबत असा एक बदल मिळतो की त्यांचं एचबीएफ आयुष्यभर वरच राहतं, आणि त्यांना जवळपास त्रासच होत नाही. मग 2007-08 मध्ये युरोपातल्या साध्या, निरोगी लोकांचा डीएनए स्कॅन करताना बीसीएल11ए ही जीन सापडली, ती एचबीएफचं बटण बंद करते. पण तिला गोळीनं पकडणं फार अवघड, प्रोटीनचा आकारच तसा. म्हणून शेवटी पेशी शरीराबाहेर काढून क्रिस्परनं (डीएनए कापायची कात्रीच समज) त्या जीनचा स्विच कापायची थेरपी आली, कॅसजेव्ही, ब्रिटनमध्ये नोव्हेंबर 2023 आणि अमेरिकेत डिसेंबर 2023 मध्ये मंजूर, किंमत 22 लाख डॉलर. आपल्या तालुक्यासाठी तिचा काय उपयोग ते मी सांगायला नको. म्हणूनच जुनी, स्वस्त, सुरक्षितता माहीत असलेली गोळी याच रस्त्यावर कुठे बसते का ते शोधायचा हा सगळा खटाटोप.

यात सगळ्यात जास्त घोळ होतो तो दिशेचा. जीन बरोबर सापडली, तिच्यावर चालणारं औषधही सापडलं, पण आजारात ती जीन दाबायची आहे आणि औषध तिला वाढवतं, तर सगळं उलटंच. कॉम्प्युटर दोघांत संबंध आहे एवढं पटकन सांगतो, कोणत्या बाजूला ते माणसानं डोकं लावून तपासावं लागतं. दुसरी पद्धत अशी की आजारात कोणत्या जीन वर जातात कोणत्या खाली याचं एक चित्र काढायचं, आणि कोणतं औषध पेशीवर टाकल्यावर बरोबर उलटं चित्र दिसतं ते शोधायचं. अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटनं 2006 मध्ये असा औषधांचा नकाशा काढायला सुरुवात केली, कनेक्टिव्हिटी मॅप म्हणतात. तिसरी, डॉकिंग, औषधाचा रेणू प्रोटीनच्या खोबणीत बसतो का हे स्क्रीनवर बघायचं. कोविडमध्ये लॅपटॉप असलेल्या प्रत्येक पोरानं ते केलं आणि पेपर काढला, माझ्या हॉस्टेलमध्येच चार निघाले असते, त्यावर जास्त बोलत नाही.

तुझं बीएस्सी आहे तर ओपन टार्गेट्स नावाची साईट उघडून बघ, फुकट आहे, मोबाईलवर पण चालते. सिकल सेल टाकलं की कोणत्या जीनचा किती पुरावा आणि त्यावर कोणती औषधं आहेत हे सगळं दिसतं. फक्त एक ध्यानात ठेव, घरकुलाच्या यादीत नाव आलं म्हणजे घर उभं राहिलं असं नसतं, ते आपल्याकडे कोणाला समजावून सांगायची गरज नाही. कॉम्प्युटरची यादी पण तशीच.

वाकडं_बोलणारा (यवतमाळ)

सगळं ऐकलं भाऊ. आता माझं पण ऐका. कोविडमध्ये सगळ्यात जास्त माणसं वाचवणारं जुनं औषध कोणतं होतं? डेक्सामेथासोन. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटचे मृत्यू एक तृतीयांशानं कमी झाले, जून 2020 मध्येच कळलं. त्याच्यात ना डीएनए ना एआय, सरळ हजारो पेशंट घेतले, चिठ्ठी टाकल्यासारखं काहीइले दिलं काहीइले नाही आणि मोजलं. आणि त्याच ट्रायलनं हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची पण हवा काढली, ज्याच्यासाठी लोकं मेडिकलसमोर लाइन लावून उभे होते. तर मशीनचं कौतुक जरा बेतानं करा. मोजल्याशिवाय काही खरं नसते.

जीनवेडा

@वाकडं_बोलणारा मान्य, डेक्साचं शंभर टक्के. पण त्याच कोविडमधलं दुसरं उदाहरण तुम्ही सोडून दिलं. बॅरिसिटिनिब, सांधेवाताची गोळी. फेब्रुवारी 2020 मध्ये, म्हणजे आपल्याकडे लॉकडाऊन लागायच्याही आधी, लंडनच्या एका एआय कंपनीनं ती कोविडसाठी सुचवली. त्याच वर्षाच्या शेवटी ब्रिटनच्या आयसीयूतल्या दोनेक हजार पेशंटचा डीएनए वाचला तर टीवायके2 ही जीन वर आली, आणि ही गोळी ज्या घराण्यातल्या प्रोटीनला दाबते त्यातलीच ती. आणि मग तुम्ही म्हणता त्याच मोठ्या ट्रायलमध्ये आठ हजारांवर पेशंटमध्ये मोजलं, मृत्यू 13 टक्क्यांनी कमी. मे 2022 मध्ये अमेरिकेत पूर्ण मंजुरी. म्हणजे मशीननं सुचवलं, डीएनएनं दुजोरा दिला, ट्रायलनं शिक्का मारला. ट्रायल वगळून नाही, हे मी पण म्हणतोय. पण जगात हजारो औषधं आणि हजारो आजार, प्रत्येक जोडीची ट्रायल कोण घेणार? कुठली आधी घ्यायची एवढं जरी यादीनं सांगितलं तरी खूप. 2024 मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात एक हिशोब आला होता, ज्या औषधामागे जनुकीय पुरावा आहे ते ट्रायलच्या टप्प्यांतून पार पडायची शक्यता 2.6 पट जास्त. पार पडतंच असं नाही.

पऱ्ह्याचा_धनी

बाप्पा, एवढं सगळं. धन्यवाद भाऊ लोकं. गोळी वापस ठेवली, भाऊजी थोडे फुगले पण ठीक आहे. मेडिकलवाल्या भाऊनं लिहिलेलं ताईले वाचून दाखवलं, ती म्हणे हे आधी कोणी काऊन नाई सांगितलं.

अजून एक डाऊट. मेटफॉर्मिन तर एक-दोन रुपयाची गोळी. मग कोणी नीट मोठी ट्रायल घेऊन एकदाचं हो का नाही काऊन ठरवून टाकत नाही? आणि ते 171 लोकं अमेरिकेतले, आपल्या पोरीले ते लागू होते का?

मेडिकल_लाइनवाला

एक-दोन रुपयाची आहे म्हणूनच कोणी घेत नाही. पेटंट संपलेलं, शंभर कंपन्या बनवतात, एकानं करोडो लावून ट्रायल घेतली तर फायदा बाकीच्या नव्व्याण्णव जणाइचा. कंपनीचा एमआरसुद्धा येऊन तिच्याबद्दल कधी बोलत नाही.

जीनवेडा

हो, अडचण हीच. यावर आता काही जण नफा न घेता काम करतायत. अमेरिकेत एव्हरी क्युअर नावाची संस्था आहे, ती काढणारा डॉक्टर डेव्हिड फायगेनबॉम स्वतः कॅसलमन नावाच्या दुर्मिळ आजारानं मरता मरता वाचला, स्वतःच्याच रक्ताचे नमुने तपासून त्यानं किडनी ट्रान्सप्लांटमध्ये वापरतात ती सिरोलिमस गोळी 2014 मध्ये सुरू केली. त्याची संस्था आता सगळी मंजूर औषधं आणि सगळे आजार यांची जोडी लावून प्रत्येक जोडीला मार्क देते. 2024 मध्ये त्यांना तिकडच्या सरकारी एजन्सीकडून 4.83 कोटी डॉलर मिळाले. आपल्याकडे हे सरकारलाच करावं लागेल, दुसरं कोणी करणार नाही असं माझं मत.

लागू होतं का, हा प्रश्न फार बरोबर विचारलास. सिकलची जीन सगळीकडे तीच, पण तिच्या आजूबाजूचा डीएनए वेगळा. आपल्याकडच्या प्रकाराला अरब-इंडियन हॅप्लोटाइप म्हणतात, त्यात एचबीएफ आफ्रिकेतल्या बऱ्याच प्रकारांपेक्षा मुळातच जास्त असतं. त्यामुळे पुस्तकात लिहितात की भारतातला सिकलसेल सौम्य. विदर्भातल्या वॉर्डात जाऊन हे वाक्य म्हणून दाखवावं. इथली लेकरं गंभीर होतात, मग जास्त एचबीएफ असूनही असं का, याचं उत्तर इथल्याच लोकांच्या डेटातून निघेल, ह्यूस्टनच्या नाही. आणि जगातल्या असल्या अभ्यासांतले बहुतेक लोक युरोपीय वंशाचे. जीनोम इंडियानं सुमारे 10 हजार भारतीयांचे जीनोम वाचले, जानेवारी 2025 मध्ये तो डेटा फरिदाबादच्या केंद्रातून संशोधकांसाठी खुला केला. चांगलं आहे. पण तो निरोगी लोकांचा. सिकल पेशंटचा डीएनए आणि सोबत त्याच्या झटक्यांची, ॲडमिशनची, एचबीएफची नीट नोंद, हे दोन्ही एकत्र असल्याशिवाय कॉम्प्युटर काय खाणार?

वाकडं_बोलणारा

म्हणजे शेवटी आमचंच रक्त पायजे. शिबिरात घेतलेलं रक्त कुठं जाते तेही सांगा मग. आमच्याकडे लोकं म्हणतात डीएनए काढून विकतात.

सूक्ष्मदर्शी_ताई (चंद्रपूर जिल्हा, लॅब टेक्निशियन)

हे मी सांगते, कारण ते रक्त मीच तपासते. 1 जुलै 2023 ला शहडोलहून सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी ठरली, तेव्हापासून शिबिरं वाढली आणि अफवा पण. शिबिरात डीएनए वगैरे कोणी वाचत नाही. बोटातून एक थेंब घेतो, सोल्युबिलिटीच्या टेस्टट्यूबमध्ये टाकतो, ट्यूबच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरतो. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, पाणी गढूळ होऊन रेघा दिसल्या नाहीत तर सिकल आहे. पण एएस की एसएस ते त्यावरून कळत नाही, त्यासाठी पुढे एचपीएलसी करावी लागते, तीही हिमोग्लोबिन बघते, डीएनए नाही. गढूळ आली म्हणून लग्न मोडायला निघालेले लोक मी बघितलेत, एचपीएलसीचा कागद हातात येईपर्यंत काही ठरवू नका. कोणी संशोधनासाठी डीएनए मागितला तर वेगळा संमतीचा फॉर्म असतो, मराठीतला मागा, वाचल्याशिवाय सही करू नका, नाही म्हटलं तर उपचार बंद होत नाही. मला स्वतःला विचाराल तर मी देईन, जीनवेडा म्हणतात ते पटतं, पण नमुना इथून गेला की त्यातून काय निघालं ते परत गावात येऊन कोणी सांगत नाही ही माझी तक्रार आहे.

दोन गोष्टी या धाग्यात राहून गेल्या. एक, घरात कोणी एसएस असेल आणि पुढे शुगरचा संशय आला तर तीन महिन्यांच्या सरासरीचा एचबीए1सी रिपोर्ट धरून चालू नका. सिकलच्या लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे तो आकडा खोटा कमी येतो. उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साधी शुगर बघा, आणि लॅबमध्ये आधीच सांगा की सिकल आहे, आम्हाला कळत नाही ना.

दुसरं भाचीचं. हायड्रॉक्सीयुरिया पुन्हा रोज सुरू करताना आधी सीबीसी करा आणि डॉक्टर सांगतील तसं परत परत करा, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली गेल्या तर ते काही दिवस थांबवतात, ते घाबरण्यासारखं नाही, पण आपल्या मनानं थांबवू नका. एचपीएलसी परत केली तर एचबीएफचा टक्का बघा, हायड्रॉक्सीयुरिया तोच वाढवतं, औषध काम करतंय का ते तिथे दिसतं. ताप आला, छातीत दुखलं किंवा दम लागला तर रात्रीची सकाळ होऊ देऊ नका, लगेच न्या. सिकलच्या पेशंटला एसटीत सवलत आहे, तपासणीला जाताना कार्ड सोबत ठेवा. आणि प्रत्येक रिपोर्टचा मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, फाईल हरवली की आधीचे आकडे कोणालाच सापडत नाहीत आणि डोस पुन्हा अंदाजानं सुरू होतो.